पोथी, नाणे आणि कवटी

‘संशोधन’ हा शब्द आपण रोज वापरतो. त्यात दोन अर्थ एकत्र नांदतात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. शोधणे म्हणजे हरवलेले किंवा अज्ञात असलेले धुंडाळणे. आणि शोधन म्हणजे शुद्ध करणे, गाळ आणि भेसळ काढून टाकणे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती पाहून तिचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांनी केले ते दोन्ही अर्थांनी संशोधनच होते. पुढे विद्यापीठे आली, पदव्या आल्या, विषयांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि संशोधनाचे अगणित प्रकार झाले. गणितातले संशोधन वेगळे, पुरातत्त्वातले वेगळे, साहित्यातले तर अगदीच वेगळे, अशी समजूत आपल्या अंगवळणी पडली. या प्रकारांचा एकमेकांशी काही रक्ताचा संबंध आहे का, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. तो हवेत सोडवण्यापेक्षा विसाव्या शतकातील पुणे, आणि त्या शहरात काम केलेली तीन माणसे, यांच्या आधाराने तपासून पाहावा असा या लेखाचा हेतू आहे.

पुण्याची निवड सोयीपोटी केलेली नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली तिने शहरांची आणि खेड्यांची सामाजिक-आर्थिक पाहणी करण्याचा प्रघात पाडला; पुणे शहराच्या पाहणीचा तिचा ग्रंथ १९४५ साली आला. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडले. १९४६ मध्ये शं. पु. आघारकरांच्या पुढाकाराने विज्ञानवर्धिनी सुरू झाली आणि १९५० मध्ये पाषाणच्या वाटेवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. म्हणजे चाळीस वर्षांत, सायकलवरून फिरता येईल एवढ्या अंतरात, मोडी कागद, संस्कृत पोथ्या, मजुरांचे घरखर्च, दगडी हत्यारे, वनस्पती आणि रसायने यांचे शास्त्रीय अध्ययन करणारे लोक राहू लागले. अशा शेजारात विषयांच्या भिंती फार उंच राहू शकत नाहीत.

यांतील पहिले नाव विष्णु सीताराम सुखटणकरांचे. १८८७ साली जन्मलेले सुखटणकर केंब्रिजला गेले ते गणित शिकायला. तेथून ते बर्लिनला हाइन्रिश ल्यूडर्स यांच्याकडे गेले आणि शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी प्रबंध लिहिला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम १९१९ मध्येच हाती घेतले होते; परंतु त्या कामाला शिस्त आली ती १९२५ मध्ये सुखटणकर मुख्य संपादक झाल्यावर.

काम कसले होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या जमवायच्या. एकेका श्लोकासाठी एकेक कागद घ्यायचा, आणि प्रत्येक पोथीत त्या श्लोकाचे कोणते अक्षर बदलले आहे याची त्यावर नोंद करायची. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे साठ पोथ्या अशा रीतीने ताडून पाहिल्या गेल्या. मग प्रश्न येतो निवडीचा. दहा पोथ्यांत एक पाठ आणि दोन पोथ्यांत दुसरा, तर बहुमताने निर्णय करावा काय? सुखटणकरांचे उत्तर नकारार्थी होते. दहा पोथ्या एकाच मूळ प्रतीच्या नकला असतील तर त्यांचे मत एकच. उलट काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी, ज्यांचा परस्परांशी शतकानुशतके संपर्क आलेला नाही, त्या एखाद्या पाठावर सहमत होतात तेव्हा तो पाठ फार जुना असण्याचा संभव वाढतो. साक्षीदार मोजायचे नसतात, त्यांचे परस्परसंबंध तपासायचे असतात. गणित शिकलेल्या माणसाच्या मनाची ठेवण या तत्त्वात दिसते असे आम्हांला वाटते.

या पद्धतीचे परिणाम सर्वसामान्य वाचकाला धक्का देणारे होते. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही घराघरांत माहीत असलेली कथा आदिपर्वाच्या मूळ पाठातून निघाली आणि परिशिष्टात गेली. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात द्रौपदीचा कृष्णाला केलेला धावाही मूळ पाठात राहिला नाही. वस्त्रे येतात, पण ती कोणी पुरवली याचा उच्चार होत नाही. संपादकांनी श्रद्धेला किंवा अश्रद्धेला कौल दिला नव्हता, पोथ्यांनी जे सांगितले तेवढेच छापले होते. आणि जे बाजूला काढले ते फेकले नव्हते. पानाच्या वरच्या भागात निवडलेला पाठ आणि खाली, बारीक टाइपात, नाकारलेले सर्व पाठभेद आणि प्रक्षेप, अशी त्या आवृत्तीची मांडणी आहे. वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य असेल तर त्याविरुद्ध लागणारा सगळा पुरावा त्याच पानावर त्याच्या हाती दिलेला असतो. ही मांडणी आम्हांला संशोधनाच्या नीतीचे सर्वांत स्वच्छ रूप वाटते.

सुखटणकर अक्षरांपाशी थांबले नाहीत. १९३६ साली त्यांनी भृगुकुल आणि महाभारत यांच्या संबंधावर दीर्घ निबंध लिहिला. भृगूंच्या कथा महाभारतात इतक्या ठिकाणी आणि इतक्या अगत्याने का येतात, हा त्यांचा प्रश्न होता. ग्रंथाच्या वाढीत त्या कुळाचा हात असला पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते. ग्रंथ कोणाच्या हातून वाढला हे विचारणे म्हणजे समाजाबद्दल विचारणे होय. १९४३ च्या जानेवारीत मुंबईत महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्याने चालू असतानाच, २१ तारखेला, त्यांचा मृत्यू झाला. शेवटचे व्याख्यान द्यायचे राहिले. आवृत्तीचे काम बेलवलकर, परशुराम लक्ष्मण वैद्य आणि इतर अनेकांनी पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते, १९ खंड, ८९ हजारांहून अधिक श्लोक आणि जवळजवळ अर्धे शतक, असा त्याचा हिशेब आहे.

दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबें येथे १९०७ मध्ये जन्म, बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी हे वडील, हार्वर्डमध्ये शिक्षण, १९३३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन आणि १९४० च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नेमणूक. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाणारा हा गणिती संख्याशास्त्राकडे वळला तेव्हा त्याने सरावासाठी सामग्री म्हणून आहत नाणी निवडली. ही आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी. त्यांवर राजाचे नाव नाही, वर्ष नाही. आहेत ते फक्त ठोकलेले ठसे. इतिहासकार त्या चिन्हांचे अर्थ लावत बसले होते. कोसंबींनी नाणी तराजूत घातली.

त्यांचा विचार साधा होता. टांकसाळीतून ताजी निघालेली नाणी वजनाला जवळजवळ सारखी असतात. ती हातोहात फिरू लागली की झिजतात, आणि सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणून जितका काळ चलनात जास्त, तितके सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतील तफावत अधिक. हा नियम त्यांनी आपल्या काळातल्या, वर्ष छापलेल्या चालू नाण्यांवर तपासून घेतला आणि मग तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांना लावला. नाण्याच्या मागच्या बाजूचे बारीक ठसे जसजसे वाढतात तसतसे वजनही घटत जाते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ, कोणीतरी ही नाणी नियमितपणे तपासून आपली खूण करीत होते. राजाज्ञेचा एकही लेख हाती नसताना व्यापाऱ्यांची एक शिस्तबद्ध व्यवस्था त्या झिजलेल्या चांदीतून दिसू लागली.

आता या कामाची सुखटणकरांच्या कामाशी तुलना करून पाहावी. पोथीची नक्कल होताना चूक होते, नाणे हातात फिरताना झिजते. दोन्हीकडे वस्तू पिढ्यांतून पुढे जाते आणि जाताना बदलते. त्या बदलाचे मोजमाप हेच काळाचे घड्याळ. कोसंबींना हे साम्य जाणवले असले पाहिजे. सुखटणकरांच्या पद्धतीचा प्रभाव घेऊन त्यांनी भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या सुभाषितांची चिकित्सा केली आणि १९४८ मध्ये ती आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीन शतके म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांतील, बहुतेक सर्व परंपरांत आढळणारे श्लोक सुमारे दोनशेच ठरले. बाकीचे शंकास्पद किंवा सरळ नंतरचे. त्याच काळात, १९४४ मध्ये, त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर पिढीत होणाऱ्या अदलाबदलीवरून कसे काढावे याचे एक सूत्र मांडले. जनुकशास्त्रात ते ‘कोसंबी फल’ म्हणून आजही वापरले जाते. जनुक हीसुद्धा एक नक्कलच, आणि तिच्यातही पाठभेद होतात!

यानंतर कोसंबी पायी निघाले. पुण्याच्या टेकड्यांवर आणि मावळच्या वाटांवर त्यांनी सूक्ष्म अश्मास्त्रे वेचली, म्हसोबा आणि सटवाईची ठाणी पाहिली आणि लेण्यांमधील दानलेख वाचले. त्यांना असे दिसले की गावाबाहेरची देवतांची ठाणी, जुन्या दगडी हत्यारांच्या जागा आणि गुराख्या-धनगरांच्या हंगामी वाटा पुष्कळ ठिकाणी एकमेकींवर येतात. पंढरीच्या पालखीच्या मार्गामागेही अशा फार जुन्या भटकंतीचा माग असावा, असे त्यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात सुचवले. त्यापूर्वी, १९५६ मध्ये, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची त्यांची प्रस्तावना आली होती, आणि राजांच्या सनावळीला इतिहास म्हणण्याची सवय तिने मोडली होती.

तिसरे नाव इरावती कर्वे. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्म, पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढ, फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान आणि मुंबईत घुर्यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्र. नंतर बर्लिन. तेथे ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत त्यांना मिळालेला विषय होता मानवी कवटीची विषमता. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवण त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाला जे हवे होते ते आकड्यांनी दिले नाही, आणि शिष्येने आकड्यांची बाजू घेतली. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. पुढच्या काही वर्षांतच ती संस्था नाझी राजवटीच्या वंशविचाराची पाठराखीण झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रबंधाचे मोल कळते.

१९३९ पासून डेक्कन कॉलेजात इरावतीबाईंनी जे केले त्याचा विस्तार थक्क करणारा आहे. त्यांनी माणसांची मोजमापे घेतली. सांकळियांच्या बरोबर गुजरातेत लांघणज येथील उत्खननात भाग घेतला. नात्यांचे शब्द गोळा केले. आणि कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार चार विभाग पाडलेले आहेत, आणि त्यांचा मोठा आधार भाषा हा आहे. आपल्याकडे सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत असे. हा केवळ आदर नव्हे. आतेभावाशी लग्न होण्याच्या रीतीचा तो शब्दात उरलेला ठसा आहे. जुन्या नाण्यावर व्यापाऱ्याची खूण राहावी तसा.

जातीविषयीचे त्यांचे मत याच रीतीने आले. एकच कुंभारकाम करणाऱ्या जाती एका मूळ जातीच्या फुटून झालेल्या शाखा आहेत, असे गृहीत धरले जाई. इरावतीबाईंनी रीतिरिवाज आणि शरीरमापने ताडून पाहिली आणि म्हटले की या निरनिराळ्या मुळांच्या जाती आहेत. धंदा एक म्हणून त्यांना एक नाव मिळाले. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि शरीरमापनाच्या शास्त्रावरचा विश्वासही ओसरला. परंतु प्रश्नाचे स्वरूप पाहावे: सारखे दिसणारे दोन पाठ एका मुळाचे आहेत की स्वतंत्र? हा सुखटणकरांचाच प्रश्न आहे, फक्त पोथीच्या जागी माणसे आली आहेत.

माणसे आली म्हणजे मात्र प्रश्न अधिक अवघड होतो, आणि इरावतीबाईंना ते कळत होते. म्हणून त्या ललित गद्याकडे वळल्या असाव्यात. ‘वाटचाल’ या लेखात त्या स्वतः वारीत चालतात आणि सगळे एकाच देवाकडे निघालेले असूनही जातीच्या दिंड्या निराळ्या आणि पंक्ती निराळ्या, हे दुःखाने नोंदवतात. ज्या वाटेवर कोसंबींना अश्मयुगाचा माग दिसला, त्याच वाटेवर इरावतीबाईंना समाजाची आजची फट दिसली. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत आणि कोणतेही एक शास्त्र दोन्ही देऊ शकले नसते. १९६७ चे ‘युगान्त’ हे तर या तिन्ही वाटांचे मीलन. त्या पुस्तकातील गांधारी, कुंती आणि कर्ण हे भांडारकर संस्थेच्या चिकित्सित पाठावर उभे आहेत. सुखटणकरांनी पाठ शुद्ध केला नसता तर इरावतीबाईंना चमत्कारांच्या आवरणाखालची ती माणसे तितक्या स्पष्टपणे दिसली असती का, याची आम्हांला शंका वाटते. आज आपण ‘युगान्त’ ललित वाङ्मय म्हणून वर्गात शिकवतो. ज्या पाठावर ते उभे आहे, त्या पाठाची ओळख मात्र फारच थोड्या वर्गांत करून दिली जाते.

या इतिहासाचे केवळ गुणगान करून भागणार नाही. चिकित्सित आवृत्तीचा पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत सापडत नाही; तो संपादकांनी सिद्ध केलेला आहे. सिल्व्हाँ लेव्हींसारख्या थोर पंडिताने त्याच कारणासाठी, नीलकंठाचा प्रचलित पाठ छापावा आणि भेद खाली द्यावेत, असे सुचवले होते. गणपतीची कथा ज्यांनी शतकानुशतके ऐकली, त्यांचे महाभारतही खोटे नव्हते. कोसंबींचे सर्वसंचारीपण गणितज्ञांना रुचले नाही. १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने दिल्याचा दावा एका कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. तो टिकला नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. एका माणसाने अनेक विषयांत संचार करावा, याची किंमत असते आणि ती कधी कधी त्याच्या मूळ विषयाला मोजावी लागते. इरावतीबाईंचे तर साधनच धोक्याचे होते: जी मोजपट्टी वंशश्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी बनली, तिनेच त्या आयुष्यभर काम करीत राहिल्या.

असे असूनही या तिघांपासून घेण्यासारखे काय, असा प्रश्न राहतो. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द आज प्रत्येक परिपत्रकात असतो. त्याचा व्यवहारातला अर्थ पुष्कळदा एवढाच होतो की दुसऱ्या विषयातील दोनचार संज्ञा आपल्या प्रबंधात उसन्या आणाव्यात. या तिघांनी संज्ञा उसन्या आणल्या नाहीत. एक सवय त्यांनी आपल्याबरोबर या विषयातून त्या विषयात नेली: समोरची वस्तू, मग तो श्लोक असो, नाणे असो की नात्याचा शब्द, अनेक हातांतून आपल्यापर्यंत आली आहे असे मानायचे, तिचे भेद जमवायचे, ते भेद का पडले ते विचारायचे, आणि आपण नाकारलेला पुरावा वाचकासमोर उघडा ठेवायचा. हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. एखाद्या कवितेच्या नियतकालिकातील आणि संग्रहातील पाठांची तुलना करणारा पदव्युत्तर विद्यार्थी हेच काम करीत असतो. रा. चिं. ढेऱ्यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये शिलालेख, स्थळपुराणे, लोकगीते आणि धनगरांचे देव एकत्र ताडून पाहिले तेही याच रीतीने, विद्यापीठाची खुर्ची त्यासाठी त्यांना आवश्यक वाटली नाही.

५ जानेवारी २००४ रोजी एका जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला केला. निमित्त होते शिवाजी महाराजांविषयीच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकातील मजकुराचे. नासधूस झाली ती कपाटे, पुस्तके आणि हस्तलिखिते यांची. त्या प्रसंगावर खूप लिहिले गेले आहे. आम्हांला त्यातून एकच गोष्ट पुढे ठेवायची आहे. न पटलेल्या मजकुराला उत्तर द्यायचे तर ते ज्या सामग्रीतून द्यायचे, ती सामग्रीच त्या कपाटांत होती. पानाच्या खालच्या भागातील बारीक टाइप पुसला, की वरच्या पाठाला आव्हान देण्याचे साधनही जाते. मग तो वरचा पाठ कोणाचाही असो.

संशोधनाचे प्रकार वाढत जाणार, आणि ते वाढावेत. पोथीवाल्याने नाण्यांचे शास्त्र शिकलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. सुखटणकर, कोसंबी आणि इरावती कर्वे यांच्यासारखी माणसे नेमाने निपजत नाहीत. पण मराठीच्या वर्गात महाभारतावरची कादंबरी किंवा ‘युगान्त’ शिकवताना चिकित्सित आवृत्तीचे एक पान, वरच्या पाठासह आणि खालच्या भेदांसह, फळ्यावर मांडता येईल. विद्यार्थ्याने ते एकदा डोळ्यांनी पाहिले, की कोणताही पाठ आयता मिळालेला नसतो, हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.